तीनशे दहा ग्रॅमची दुर्बीण

राउलान,
१६ जानेवारी १९९४

ती. बेर्गितताईस,
धाकट्या आस्लाकचा सा. न. वि. वि.

नाताळातलं तुझं कार्ड आणि सुका कॉड, दोन्ही पोचलं. कार्ड खिडकीत ठेवलंय. मासा ठेवण्यासारखा नव्हता, म्हणून खाल्ला. इकडे बर्फ अंगणातल्या हातपंपाच्या डोक्यापर्यंत आलाय. मेंढ्या ऑक्टोबरात विकल्या हे तुला कळवलंच होतं. आता पहाटे गोठ्यात जायची गरज नाही, तरी पाचला जाग येतेच. उजाडतं नवाला. मधले चार तास मी कॉफी पितो आणि घड्याळाला किल्ली देतो. घड्याळ बिचारं वैतागलं असेल.

फोनवर मी नुसता हं हं करतो असं तू म्हणतेस, म्हणून लिहितोय. काम आहे. मला रायफलीवर नवी दुर्बीण बसवायची आहे. हलकी हवी आणि भरवशाची हवी. जुनी लोखंडाची आहे, पकडीच्या कड्यांसकट पाऊण किलो भरते. एकाहत्तराव्या वर्षी पठारावर दिवसाला वीस किलोमीटर चालायचं आणि परत येताना पाठीवर मांस आणायचं, म्हणजे पाऊण किलो काय, पाऊण छटाकसुद्धा खांद्याला कळतो.

तू एडविन भाऊजींच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभी होतीस. हामरफेस्टचे सगळे शिकारी आधी तुला विचारायचे आणि मग भाऊजींना, आणि भाऊजी तर कोणाला विचारायच्या आधीच तुझ्याकडे बघायचे. तेव्हा एक नाव सांग, मी मागवतो. घाई नाही. हंगाम वीस ऑगस्टला सुरू होतो.

बाकी सगळं ठीक. माया आहे तशीच राहू दे, तिथे थंडी फार असते.

तुझा,
आस्लाक


हामरफेस्ट,
२ फेब्रुवारी १९९४

चि. आस्लाकस,
बेर्गितताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्याकडे सूर्यही आला. दोन महिन्यांनी डोंगरामागून नाक वर काढलं त्याने, जेमतेम अर्धा तास. शाळेतली पोरं बंदरावर उभी राहून गाणी म्हणत होती. मी घरातूनच ऐकली, कारण रस्त्यावर काचेसारखा बर्फ आणि माझं कंबरडं तुला ठाऊक आहे. खरं सांगू? मला सूर्यापेक्षा तुझ्या पत्राचा आनंद जास्त झाला. एडविन जाऊन सहा वर्षं झाली, दुकानाच्या जागी आता केस कापायचं सलून आहे, आणि या सहा वर्षांत एका माणसानेही मला दुर्बिणीबद्दल काही विचारलेलं नाही. सगळे कंबरेबद्दल विचारतात.

पण नाव एवढ्यात सांगत नाही. दुर्बीण म्हणजे दुकानात मागितली आणि पुडीत बांधून दिली अशी यीस्टची वडी नव्हे. काउंटरवर मी आधी प्रश्न विचारायची, आणि जो उत्तरं द्यायला कंटाळायचा त्याला गळ विकून वाटेला लावायची. तेव्हा सांग. रायफल तीच जुनी माउझर का? तिला नुसती, दुर्बिणीशिवाय, किती वजन? चष्मा घालून नेम धरतोस की काढून? गोळी साधारण किती अंतरावरून झाडतोस? आता मला खोटं नको सांगू. दीडशे मीटरच्या पुढचे शिकारी फक्त कॉफीच्या टेबलावर असतात.

आणि शेवटचा प्रश्न. ती लोखंडी दुर्बीण १९६१ मध्ये मीच तुला पाठवली होती. बत्तीस वर्षं ती तुला जड झाली नाही. गेल्या शरदापर्यंत तू तिचं कौतुक करत होतास. मग तिला झालं काय?

तुझी आठवण रोज येते, पण पत्र महिन्याने येतं. हे प्रमाण सुधारलंस तर बरं.

तुझी,
बेर्गितताई


राउलान,
२० फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या काउंटरसमोर टोपी काढून उभा आहे. रायफल तीच. नुसतीचं वजन तीन किलो दोनशे, बटाट्याच्या काट्यावर मोजलं. चष्मा लांबचा लागत नाही. जवळचा लागतो, पण हरीण वाचायचं नसतं. अंतर शंभर ते दीडशे. दीडशेच्या पुढे मी कधीच झाडली नाही, हे कॉफीच्या टेबलावरसुद्धा मी असंच सांगतो, म्हणून मला कोणी परत बोलवत नाही.

गेल्या आठवड्यात बसने शीएनला जाऊन आलो. तिथल्या मोठ्या दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर अशी एक दुर्बीण ठेवली, तोंड दुधाच्या कॅनएवढं. म्हणाला, संध्याकाळच्या अंधारातही लख्ख दिसतं, बारा पटीपर्यंत मोठं होतं. मी म्हटलं, बारा पटीत मला हरणाच्या कानातली गोमाशी दिसेल, पण हरीण कुठे आहे ते कळणार नाही. शिवाय ती रायफलीवर ठेवली तर रायफल कुशीवर झोपत होती. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. मग मी स्टेशनवर बसून भाकर आणि तपकिरी चीज खाल्लं आणि परत आलो.

जुनीला काय झालं म्हणतेस, तर विशेष काही नाही. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी काच धुरकटली. बाहेर उणे पाच, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, आणि आत सगळं दुधासारखं. मी बाहीने पुसलं, रुमालाने पुसलं, जाईचना. म्हातारी झाली ती, दुसरं काय. मागच्या वर्षी एकंदर जमलं नाही. तुला लिहिलं होतं की कळप भेटला नाही.

घर ठीक आहे. माझ्या सिग्नेच्या मागे राहिलेल्या कुंड्यांतली एक जगली, बाकीच्यांना मी पाणी फार घातलं असं शेजारीण म्हणते.

आपला लोभ एवढ्या अंतरावरूनही लागतो, हे विसरू नकोस.

आस्लाक


हामरफेस्ट,
९ मार्च १९९४

चि. आस्लाकस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रामुळे मी या हिवाळ्यात पहिल्यांदा बुटांना खिळे लावून बाहेर पडले. बंदराजवळ नवीन दुकान झालंय, तिथे गेले. काउंटरमागचा मुलगा मला पाहून आधी म्हणाला की लोकरीचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे. मी त्याला सांगितलं, मला हलकी दुर्बीण बघायची आहे, नळी एक इंची, समोरची काच तेहतीस मिलिमीटरच्या आत, डोळ्यापासून नऊ सेंटीमीटर लांबून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, आणि नेम जुळवायच्या फिरक्यांवर स्क्रूची टोपणं हवीत, उघड्या फिरक्या झुडपात आपोआप फिरतात. मुलाने खुर्ची आणून दिली. मग दोन तास आम्ही कपाट उपसलं. मी घरचा काटा पर्समध्ये नेला होता. डब्यावर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत दोनदा फरक निघाला. शेवटी बिचारा मला विचारायला लागला की मी सोमवारी परत येईन का.

तर दुर्बीण मला सापडली आहे. पण ती मी तुला सांगणार नाही. का, ते ऐक.

आस्लाक, मी तीस वर्षं धुरकटलेल्या काचांच्या तक्रारी ऐकल्यात. काच दोन तऱ्हांनी धुरकटते. थंडीतून उबेत आणली तर बाहेरून, आणि ती रुमालाने पुसता येते. तुझी पुसली गेली नाही, म्हणजे धुकं आतलं होतं. आतलं कधी होतं? नळीचं रबर जुनं होऊन फट पडलेली असेल, आणि दुर्बीण रात्रभर उबेत, ओलसर हवेत राहिली असेल, तर. ती ओल आत शिरते, आणि सकाळी बाहेर नेली की आतल्या बाजूने काचेला धरते. फट जुनी असेल, दहा वर्षांचीसुद्धा. पण तुला कधी कळली नाही, कारण तू रायफल रात्री बाहेरच ठेवतोस. वडिलांनी आपल्याला चालायच्या आधी हे शिकवलं. भावाला घरात घे, कुत्र्याला घरात घे, रायफल लाकडाच्या शेडमध्ये. पठारावरचं शेंबडं पोरही ही चूक करत नाही.

तू रात्री रायफल झोपडीत आणलीस. का आणलीस?

आणि कळप भेटला नाही म्हणतोस, तर मग काच धुरकटली हे तुला कळलं कशावरून? रिकाम्या डोंगराकडे रायफल रोखून बघत होतास का?

मला उत्तर हवंय. रागाने नाही विचारत. माझी झोप गेली आहे.

बेर्गितताई


राउलान,
२४ एप्रिल १९९४

ती. ताई,

नमस्कार. उत्तराला दीड महिना लागला. ईस्टर आला आणि गेला, तीनदा लिहायला बसलो. तुझा फोन दोनदा वाजला तेव्हा मी घरातच होतो, माफ कर.

कळप भेटला होता. सप्टेंबरच्या बारा तारखेला, झोपडीपासून तासाभराच्या वाटेवर. साठ-सत्तर जनावरं. वारा माझ्या तोंडावर होता, सगळं मनासारखं होतं. मी आडवा पडलो, डोळा लावला आणि आत दूध. पुसलं, परत लावला. एक मादी कडेला आडवी उभी होती. तिची नुसती सावली दिसत होती. वडील असते तर म्हणाले असते, ऊठ आणि घरी जा. सिग्ने असती तर तिने माझ्या बाहीला धरलं असतं. कोणी नव्हतं. मी गोळी झाडली.

गोळी छातीच्या मागे लागली, ताई. पोटात. तिने पाठ वाकवली ते मला धुक्यातूनही कळलं. कळप गेला, तीही गेली. दोन दिवस मी माग काढला. पहिल्या दिवशी रक्त होतं, दुसऱ्या दिवशी थेंब थेंब, मग दलदल आणि मग काही नाही. तिसऱ्या दिवशी खाली आलो आणि नियमाप्रमाणे पठाराच्या राखणदाराला कळवलं. तो चांगला माणूस आहे. म्हणाला, असं कोणाच्याही हातून होतं. माझ्या हातून अठ्ठेचाळीस वर्षांत झालं नव्हतं. सहकारी दुकानात सगळ्यांना माहीत आहे. मला रांगेत पुढे जाऊ देतात.

आता दुसरा प्रश्न. सिग्ने गेल्यानंतरचा तो पहिला हंगाम. तुला माहीत आहे, ती कधी गोळी झाडायची नाही, पण सदतीस शरद ती माझ्याबरोबर वर आली. ती गळ्यातली दुर्बीण घेऊन डोंगर बघायची, मी रायफल उचलायचो. झोपडीत दोन खाटा आहेत, समोरासमोर, मध्ये शेगडी. पहिल्या रात्री समोरची खाट रिकामी होती. मी दिवा मालवला, परत लावला. मग बाहेर गेलो, शेडमधून रायफल आणली आणि तिच्या खाटेला टेकवून उभी केली. तिथे काहीतरी असावं म्हणून. मग झोप लागली. शेगडीवर मोजे वाळत होते, पातेल्यात पाणी होतं. ओल का ते आता तुला सांगायला नको.

असा मूर्खपणा आहे. त्या मादीला माझ्या मूर्खपणाची किंमत पडली, ती दोन दिवस कुठे कुठे पडली असेल हे मी हिवाळाभर पहाटे पाचपासून नऊपर्यंत बघत असतो. दुर्बीण जड झाली हे मी स्वतःलाही सांगून पाहिलं.

तू माणसं पारखायचीस, तेव्हा सरळ सांग. मी थांबू का? थांबलो तर ऑगस्टनंतर माझ्याकडे काय उरतं ते मला माहीत नाही. पण परत तसं होणार असेल तर मी रायफल उद्या पोलिसांकडे जमा करतो.

आस्लाक


हामरफेस्ट,
३ मे १९९४

माझ्या लाडक्या आस्लाकस,
पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात बसून रडले. मग चेहरा धुतला आणि हे लिहायला घेतलं. वेड्या, सात महिने हे एकट्याने छातीवर घेऊन बसलास आणि मला कळवलंस काय, तर कळप भेटला नाही.

आधी त्या मादीचं. ते तुझ्याकडून झालं आणि ते वाईट झालं. मी ते पुसणार नाही, तुलाही आवडणार नाही. काच दुधासारखी होती तेव्हा तू बोट काढायला हवं होतंस. एवढं बोलले, आता परत बोलणार नाही.

रायफल आत आणल्याबद्दल मात्र मी तुला काहीही म्हणणार नाही, कारण मी कोणत्या तोंडाने म्हणू? एडविन गेल्यापासून मी दर वर्षी त्याच्या नावाने कॅटलॉग मागवते. गळांचे, जाळ्यांचे, स्वीडनमधल्या एका चुलीच्या कंपनीचेसुद्धा. जाड असतात, पेटीत मावत नाहीत, म्हणून पोस्टमनला दार वाजवावं लागतं. तो दारात उभा राहून नाव मोठ्याने वाचतो, एडविन हान्सेन. महिन्यातून एखाद्या वेळी कोणीतरी ते नाव माझ्या दारात उच्चारतं. पोस्टमनला सगळं माहीत आहे, तरी वाचतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

आता थांबायचं की नाही, ते. मी पारखू शकत नाही, पंधराशे किलोमीटरवरून तर नाहीच. पाच गोळ्या पारखतील. दर वर्षीची नेमबाजीची परीक्षा तुला द्यावीच लागणार आहे. शंभर मीटर, पुठ्ठ्याचं हरीण, छातीवर वर्तुळ, पाचातल्या पाच आत. डोळा आणि हात शाबूत असतील तर पुठ्ठा सांगेल. नसतील तर तेही सांगेल, आणि मग रायफल जमा कर, मी तुला शाबासकी देईन.

आणि दुर्बीण. दोनापासून सात पटीपर्यंत जाते, समोरची काच बत्तीसची, अ‍ॅल्युमिनियमची नळी, माझ्या काट्यावर तीनशे दहा ग्रॅम. एवढ्या हलक्यांत याहून चमकदार दोन होत्या, पण त्यांतली एक डोळ्याच्या फार जवळ येते. तुझ्या माउझरच्या धक्क्याने भुवई फाटली असती. दुसरी मी मुलाला कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायला लावली. त्याचा जीव वरखाली होत होता. पुढच्या टोकाकडून तीन बुडबुडे आले. मग मी निवडलेली बुडवली. पाच मिनिटं एकही नाही. मग ती तशीच त्यांच्या गळाला लावायच्या कोळंबीच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवायला लावली, सकाळी परत गेले, आत डाग नाही. फिरक्या चाळीस घरं उजवीकडे, चाळीस डावीकडे फिरवल्या, नेमाची रेघ जागच्या जागी परत आली. मुलगा म्हणाला की त्याला असं काही शिकवलेलं नाही. मी म्हटलं, आता शिकलास.

ती मी घेतली आहे, सोमवारच्या टपालाने निघेल. पैशाचं नाव काढलंस तर पुढचं पत्र उघडणार नाही. कड्या बुटक्या पाठवते आहे, म्हणजे दुर्बीण रायफलीच्या नळीला जवळ बसेल आणि गाल लाकडाला टेकलेला राहील.

जेवतोस ना नीट? तुझ्याबद्दल मला काळजी करायची सवय आहे, ती सोडवू नकोस.

तुझी,
बेर्गितताई


राउलान,
२६ जून १९९४

ती. बेर्गितताईस,
कृतज्ञ धाकट्याचा सा. न. वि. वि.

दुर्बीण आली तेव्हा मला वाटलं तू रिकामा डबा पाठवलास. रायफल आता हातात घेतली की कोणीतरी दुसऱ्या टोकाने धरल्यासारखी वाटते. आभार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही.

काल परीक्षा होती. गावातली वीसेक माणसं होती. मी गेलो तसं बोलणं थोडं थांबलं, मग हवामानावर सुरू झालं. तार्येई, जो नेमबाजीचं मैदान सांभाळतो, त्याने मला तिसऱ्या चटईवर झोपवलं. पाच गोळ्या. चार आत, एक वर, वर्तुळाबाहेर दोन बोटं. नापास.

मी उठलो आणि पिशवी भरायला लागलो. खरंच सांगतो, मला हलकं वाटलं. संपलं म्हणून. तार्येई जवळ आला आणि म्हणाला की मी गाल उचलतोय. जुनी दुर्बीण उंच होती, बत्तीस वर्षं मान वर करून बघायची सवय. नवी खाली आहे, तरी माझी मान आपली जुन्या जागी जाते आणि मग मी वरून डोकावतो. म्हणाला, दिवसभर कितीही वेळा देता येते, कॉफी पी आणि परत ये. मी कॉफी प्यायलो. एका हाताने कप आणि दुसऱ्याने गाल दाबत बसलो, सगळे बघत होते, बघू देत. परत झोपलो. पाचातल्या पाच. तार्येईने पुठ्ठा काढून आणला आणि माझ्या हातात दिला. छिद्रांवर माझा तळवा झाकण बसावा तसा बसत होता. मग त्याने पाठीवर हात ठेवला, आणि वर्षभरात मला कोणी हात लावला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

तर डोळा आहे. आता उरली ती रात्र. पुठ्ठ्यावर झोपडीची परीक्षा घेता येत नाही. तू येतेस का? मला माहीत आहे उत्तर, तरी विचारतो.

तुझ्या लोभावरच उन्हाळा चाललाय.

आस्लाक


हामरफेस्ट,
१० ऑगस्ट १९९४

चि. आस्लाकस,
आशीर्वाद.

नाही येऊ शकत रे. डॉक्टरांनी कंबरेचं ऑपरेशन ऑक्टोबरात ठरवलंय, तोवर दोन जिने म्हणजे माझं पठार. तू विचारलंस हे मात्र मी पोस्टमनलासुद्धा सांगितलं.

एकच सांगते. रायफल बाहेर. झोप नाही लागली तर नको लागू दे, जागा रहा, मला शिव्या दे, पण रायफल बाहेर. आणि काच धूसर असेल तर बोट बाहेर.

शुभेच्छा देत नाही, शिकाऱ्याला शुभेच्छा दिल्या की तो हात हलवत परत येतो. तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे, आणि सिग्ने दारात उभी राहून म्हणायची तसंच म्हणते. घाणेरडी शिकार होवो.

बेर्गितताई


राउलान,
२ सप्टेंबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल खाली आलो. हातपाय धुतले आणि आधी तुलाच लिहायला बसलो.

सोमवारी झोपडीवर पोचलो. रायफल शेडमध्ये खिळ्याला टांगली, तुझी आठवण काढून. शेड तुला आठवत असेल, चार खांबांवर छप्पर आणि खाली सरपण, भिंती नाहीत. जेवलो, शेगडी पेटवली आणि आपल्या खाटेवर आडवा झालो. समोर तिची खाट. मी भिंतीकडे तोंड केलं, मग छताकडे. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला, तुझं नाव घेतलं आणि परत आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा मनात आलं की रायफल आत आणायची नाही, पण तिच्याकडे बघायला तर तू मनाई केलेली नाही. माझ्या खाटेजवळ खिडकी नाही. तिच्या उशाशी आहे, बारकीशी. झोपडी बांधली तेव्हा तिनेच ती खाट मागून घेतली होती. मला वाटलं, विणकामाला उजेड हवा असेल. तर मी माझं पांघरूण उचललं आणि तिच्या खाटेवर जाऊन पडलो. ती गेल्यापासून त्या खाटेवर मी टेकलोही नव्हतो. उशीवर डोकं टेकलं आणि छपराखाली टांगलेली रायफल दिसत राहिली. त्यावरच झोपलो.

आता तुला एक सांगायचं राहिलंय, ते आमच्या घरातलं आहे. सदतीस वर्षं, वर असलो की सिग्ने पहाटे माझं पाऊल हलवायची आणि सांगायची, ते आलेत. दर वेळी नाही, पण जेव्हा सांगायची तेव्हा कळप असायचाच. मी विचारायचो तुला कसं कळतं. एकदा म्हणाली गुडघ्यात कळ येते, एकदा म्हणाली स्वप्नात खूर वाजतात. मी उभा राहून त्या खिडकीतून कितीदा पाहिलं असेल, समोर शेडचं छप्पर आडवं येतं, दुसरं काही दिसत नाही. मी भोळा, सगळ्या खोऱ्यात सांगत सुटलो की माझ्या बायकोला जनावराची चाहूल लागते. लोक तिला हंगामाच्या आधी विचारायला यायचे, आणि ती गंभीर चेहरा करून गुडघा चोळायची.

मंगळवारी उजाडताना डोळे उघडले. डोकं उशीवरच होतं. उशीवरून छपराच्या खालून दिसतं, ताई. सरपणाच्या वर आणि छपराच्या खाली हातभर फट आहे, आणि त्या फटीत बरोबर, मोजून बसवल्यासारखी, दोन टेकड्यांमधली खिंड. आणि खिंडीतून एकामागून एक रेनडिअर उतरत होते.

ती नुसती डोळे उघडायची. सदतीस वर्षं! गुडघा कसला आणि खूर कसले!

मी एवढ्या मोठ्याने हसलो की मलाच दचकायला झालं. हसत हसत मी शेगडीपलीकडे वळलो, तिला म्हणायला की सापडलीस, लबाड. समोर माझी खाट होती, रिकामी. मग मी शेगडीवर कॉफी ठेवली. शिकारीला उशीर झाला तर होऊ दे म्हटलं.

उशीर झाला नाही. रायफल खिळ्यावरून काढली, काच स्वच्छ होती, पाण्यासारखी. दोन तासांनी खडकामागून एक कोवळी मादी एकशेवीस मीटरवर आडवी मिळाली. मी पाच पटीवर ठेवलं, गाल टेकवला. गालाचं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. एक गोळी. ती अकरा पावलं गेली आणि बसली. मी जाऊन तिच्याजवळ टोपी काढून उभा राहिलो. गेल्या वर्षीच्या मादीची आठवण झालीच, ती जाणार नाही, आणि जाऊही नये. मांस तीन फेऱ्यांत खाली आणलं. खांदे भरून आलेत, पण दुर्बिणीमुळे नाहीत. तुझा वाटा आजच्याच गाडीने पाठवतोय, पाठीकडचं मऊ मांस, क्रीम घालून शिजव.

परवान्यावर एकच जनावर होतं, ते झालं. तरी उद्या मी परत वर जाणार आहे. रायफल घरी ठेवून. तार्येई विचारत होता की मग कशाला जातोस, मी त्याला सांगितलं की सरपण रचायचं राहिलंय. तुला खरं सांगतो. तिच्या खाटेवर झोपणार आहे. सदतीस वर्षं मी तिच्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून घोरलो. तिथून तिला अजून काय काय दिसत होतं, ते बघायचंय.

तुझा धाकटा,
आस्लाक